रोबोच्या मापाचं टेबल

५ मार्च २०१२, सोमवार
नौबादच्या आमच्या औषधाच्या कंपनीत आज पॅकिंगला रोबो आला. तो बाटल्या उचलून देणार, बायका खोक्यात भरणार. कामगारांच्या तब्येतीची जबाबदारी मॅनेजर चन्नबसप्पांनी माझ्यावर टाकली. योग्य माणूस निवडला.

७ मार्च
आजवर बायका खाली मांडी घालून खोकी भरायच्या. आता टेबल रोबोच्या मापाचं, म्हणून सगळ्या उभ्या. सत्यभामाबाई बुटक्या, टेबल छातीला लागतं. म्हणाल्या, "सर, एक उंच स्टूल द्या की. कंबर धरलीय." ताठ उभं राहण्याचं शास्त्र पाऊण तास समजावलं. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या.

१२ मार्च
स्टुलाचं बोलणारच होतो. पण रोबो तापतो म्हणून त्याला पंखा लावला, मॅनेजर खर्चाने वैतागलेले. बायका रोबोला अण्णा म्हणतात. "अण्णाला वारं, आमाला घाम," इति सत्यभामाबाई. विनोद सुचतो म्हणजे तब्येत उत्तम.

२० मार्च
स्टूल पाडव्यानंतर. नक्की.

२६ मार्च
सत्यभामाबाई काम सोडून गेल्या. मन्नाएखेळ्ळीला धाब्यावर भाकऱ्या करायला, तेही कमी पगारावर. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तितं बसून काम हाय." लोक काहीही कारणं देतात.

२८ मार्च
दुसरी बाई मिळेपर्यंत त्यांच्या जागी मी. उदाहरण घालून द्यायची संधीच आहे. सकाळी पाठ ताठ. दुपारनंतर जरा कमी ताठ. रोबो दमत नाही.

३१ मार्च
चप्पल घालायला वाकवत नाही. हवा बदलली असावी. स्टूल मागितलं, तर मॅनेजरांनी मलाच ताठ उभं राहायला सांगितलं. कंटाळा आलाय.

१ एप्रिल, रविवार
बाईंना परत आणायला मन्नाएखेळ्ळीला गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. त्या चुलीपुढे पाटावर बसून भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "आदी जेवा, सर." खाली बसून जेवलो. मग उठताच येईना. बाईंनी हात धुतले, काखेत हात घालून मला उभं केलं आणि विचारलं, "कवापास्नं दुखायलीय?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. डोळे भरून आले. परत चला म्हणायची हिंमत झाली नाही. येताना बसमध्ये जागा होती. पण बसलो तर उतरणार कसा, म्हणून नौबादपर्यंत उभाच आलो.