पाकिटावरचं तोंड

४ मे, सोमवार

मिक्सर लावायचा न्हाय. कुकरची शिट्टी करायची न्हाय. खोकला आला तर परड्यात जाऊन खोकायचं. माझ्याच घरात हे सगळं, आणि सांगणार कोण, तर पाय प्लास्टरात घालून माहेरी आलेली लेक.

मंगल दिल्लीला सरकारी ऑफिसात. जिन्यावरनं घसरली, घोट्याचं हाड मोडलं. जावई फिरतीवर, म्हणून इथं आणून टाकली. रजा काढ म्हटलं तर म्हणे काम तुंबलंय, घरनं करते. सोप्यात टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, खाली पाटावर तो पांढरा पाय. कॉम्प्युटरात चौकटी, चौकटीत एकेक तोंड. आठ जणं. सगळी हिच्या हाताखालची.

इतक्या वर्षांनी आज तिचं काम कळलं. लोक अर्ज करतात, हे पुस्तक माझं, हे गाणं माझं, हे चित्र माझं, सरकारात नोंद करून घ्या. हिची माणसं ते अर्ज तपासणार. ही त्या माणसांना तपासणार. मी विचारलं, खरंच त्याचंय का चोरलंय ते कसं कळतं? म्हणाली, "ते आम्ही ठरवत नाही आई, ते कोर्ट ठरवतं. कागद एकमेकांना धरून आहेत का, कुणाची हरकत आहे का, एवढंच आमचं."

म्हणजे नवऱ्या मुलाची पत्रिका बघायची, पितो का ते बघायचं न्हाय. तसं म्हटलं. हसली न्हाय.

५ मे

कोमल म्हणून एक बाई हाय त्या चौकटीत. तिनं कॉलेजातल्या तिच्याच मास्तरचा अर्ज मागनं उचलून पुढं घेतला आणि पास करून टाकला. मं.नं सगळ्यांच्या देखत धरली. हिंदीत. टीव्हीमुळं मला समजतं. ओळखीचा अर्ज आला की हात वर करायचा, फाइल सोडायची, दुसरा बघेल. आवाज एवढासा, पण त्या आठांतलं एक तोंड हललं न्हाय.

नंतर म्हटलं, जरा आवाज चढवावा.
"आवाज चढवला की माणसं चुका लपवायला शिकतात."
"मग माझ्याकडनं लपवायला शिकलीस म्हण की."
"शिकलेच की," म्हणाली. आणि परत चौकटीत.

७ मे

चटणीचा सीझन. मागच्या शेडात कांडप सुरू, अंगणात मिरची, सगळी गल्ली शिंकतेय. धंदा धाकट्याचा, विलासचा. पाकिटावर तोंड माझं. डोक्यावर पदर, नाकात नथ, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. ह्यांना जाऊन किती वर्षं झाली, पाकिटावर मी अजून सवाशीण.

आता तेच तोंड मलकापूरच्या बाजारात दुसऱ्याच पाकिटावर निघालंय. गालावरच्या मशीसकट. चटणी कसली, मीठच निम्मं. लोक विलासला शिव्या घालतात, दुकानदार माल परत धाडतात. म्हणून वि.नं थंडीत अर्ज केलता. चित्र माझं हाय, नोंद करा. तो कागद हातात आला की मलकापूरवाल्याला थांबवता येतंय. कागद येईना. आणि अर्ज पडलाय कुठं, तर मं.च्या ऑफिसात.

जेवताना काढलंच.
"आक्का, आमचं तेवढं वर घे की."
मं.चा घास हातातच. "तू अर्ज केलायस? आमच्याकडं? मला बोलला नाहीस?"
"बोलायचं काय त्यात? घरचंच ऑफिस म्हणून तर वकील न्हाय लावला."
ताट तसंच टाकून कुबडी घेऊन टेबलाकडं गेली. आमटी गार झाली.

८ मे

तिनं वरच्या साहेबाला लिहून कळवलं. अर्जदार माझा सख्खा भाऊ, ही फाइल माझ्याकडनं काढा. काढली. आता दुसरी बाई बघणार. मं.ला उघडून बघायची म्हटली तरी उघडणार न्हाय.

वि.: "भन हायेस का फौजदार?"


संध्याकाळपासनं दोघांचं बोलणं बंद. निरोप सून सुरेखा पोचवते. "ताई, हे विचारतायत पंखा बारीक करू का." तीन हातांवर बसलेल्या माणसाला.

१० मे, रविवार

तिच्या केसाला तेल लावता लावता मीच विषय काढला. एक फोन कर, म्हटलं. भाऊ हाय, चोर न्हाय.

"आई, मंगळवारी मी कोमलला काय बोलले ते ऐकलंस ना?"
"ऐकलं."
"आठ जणांनी ऐकलं. फोन केला तर परत त्यांच्यापुढं काय म्हणून बसू?"

मी केस जोरात ओढले. आई गं म्हणाली. तेवढंच.

मला तिचं पटलं. तिला सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर विलासला वाटलं असतं मी तिकडची.

१३ मे

ऑफिसचं पत्र आलं, वि.च्या फोनवर. वाचून दाखवलं त्यानं, वाचताना कान लाल. चित्र आपण स्वतः काढलं असं अर्जात लिहिलंय. पण चित्रात पदराच्या काठाला 'दादू' असं नाव दिसतंय. हा कोण? त्यानं काढलं असेल तर तसं लिहा आणि त्याची लेखी संमती जोडा. महिन्याची मुदत.

फोन मं.च्या नाकासमोर धरला.
"हे तूच सांगितलंस."
"मी ती फाइल बघितली नाही. बघता येत नाही."
"मग दिल्लीत बसून त्यास्नी दादू कसा दिसला?"
"डोळ्यांनी, विलास."

पाकीट घेतलं, चष्मा लावला. हाय की. काठाच्या नक्षीत, बारीक. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पलीकडच्या गल्लीतला दादू पेंटर. लपवाछपवी कसलीच न्हाय. विलासला त्यात काही वावगं वाटलं न्हवतं. म्हणाला, "हर एक बोर्डाखाली पेंटरचं नाव असतंय. म्हणून दुकान पेंटरचं हुतंय व्हय?"

खरं सांगायचं तर मलाही वाटलं, बरोबर बोलला.

मं. भिंतीकडं तोंड करून बोलली. "मालक वेगळा, काढणारा वेगळा. कुठल्याही अर्जात दोन रकाने असतात. हे मी सगळ्यांनाच सांगते."

ह्यानं दोन्हीत स्वतःचंच नाव टाकलंय. ज्याला शाळेत आंबा काढायला दिला तर वांगं काढून आला.

१५ मे

दादूकडं गेलते. फ्लेक्स आल्यापासनं बोर्डाचं काम गेलं, आता नंबरप्लेटी आणि ट्रकमागची नावं. कट्ट्यावर बसलेला, बोटं रंगानं बरबटलेली.

"या वैनी. तोंड वाळलंय तुमचं. पाकिटावर बरं हाय."
सांगितलं सगळं. सही दे म्हटलं.
"देतो की. पण तुमी का आला? ज्याला पायजे तो कुठाय?"
"कामात हाय."
"कामात. ह्याच गल्लीतनं गाडी काढतोय, मान तिकडं करून. आदी दर दसऱ्याला चटणीचा डबा यायचा माझ्या घरी. कॉम्प्युटरवाल्याकडनं पाकीट नवं करून घेतलं, तवापास्नं डबा बंद. मी काय डब्याला महाग न्हाय. पण मान तर सरळ ठेव की."

 मी विषय मलकापूरवाल्यावर नेला, त्याला शिव्या घातल्या. तोंड चोरणारा म्हणून.

दादू ब्रश पुसत बसला. मग म्हणाला, "त्यानं चोरलं न्हाय. मी काढून दिलं."
"आँ?"
"आला, म्हणाला आज्जीबाईचं चित्र पायजे. तुमचं तोंड हाताला बसलेलं. दिलं काढून. गणपती काढतो तो काय पयल्याच गिऱ्हाइकाचा असतोय? हनुमान काढतो, पैलवान काढतो, तसंच तुमी."

मस पण? विचारलं.
"मशीबिगर तुमी दिसत न्हाय, वैनी."

मी उठताना त्यानं एवढं सांगितलं. दोघांतनं जो येऊन कट्ट्यावर बसंल, चहा घील, नीट इचारंल, त्याला सही. आणि मग ते तोंड दुसऱ्या कुणाला काढून देणार न्हाय. मलकापूरवाला अजून आला न्हाय. तो आला तर त्याला.

१६ मे

घरात सांगितलेलं न्हाय. विलासला सांगावं तर तडक दादूच्या अंगावर जाईल. मंगलला सांगावं तर ती परत हात वर करणार. आमटीत मीठ दोनदा पडलं. मिरच्या उलट्या केल्या, परत सुलट्या केल्या. सुरेखा म्हणाली, आई, बसा जरा. बसून काय करू.

गल्लीत गाडी वाजली की वाटतं, मलकापूरवाला आला.

१८ मे

वि.नं शक्कल काढली. उत्तरात लिहायचं, चित्र आईनं काढलं. आरशात बघून. मी सही करायची. दादू म्हणजे आईचं लाडाचं नाव.

 चौथी शिकलेल्या बाईला चित्रकार करायला निघाला, आणि म्हातारपणी दादू.

"आई, कोण बघायला येतंय?"
"पयला अर्ज भरताना पण तेच म्हणाला असशील."

मग सांगून टाकलं. मलकापूरचं, दादूचं, डब्याचं. पोरगं मिरचीच्या पोत्यावर खाली बसलं. आधी दादूला शिव्या.  मग म्हणाला, "म्हणजे त्यानं चोरलंच न्हाय?"
"न्हाय."
"मग मी कुणाच्या नावानं ओरडत हुतो एवढं?"
हे मला विचारून काय उपयोग.

मं. सोप्यात होती. ऐकू गेलं असणार. कॉम्प्युटरचा आवाज मोठा केला तिनं. ऐकायचं नसलं की ती तसं करते, लहानपणी पाटीवर पेन्सिल करकर वाजवायची.

१९ मे

वि. सकाळी दादूच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि परत आला. सुरेखानं बघितलं. मी न्हाय बघितलं असं म्हटलं.

म्हणतो, त्याच्या दारात गेलो तर गल्ली बघेल.
बघू दे की. गल्लीनं तुझं बारसं बघितलं, लग्न बघितलं, एक चहा बघेल.

२२ मे

प्लास्टर काढलं. पाय काडीसारखा झालाय. मं. रविवारच्या गाडीनं जाणार. कोमलनं ओळखीची कुठलीशी फाइल आपणहून सोडली, ते सांगताना मं.चं तोंड उजळलं. पोटच्या पोरीसारखं कौतुक. सख्खा भाऊ दोन हातांवर बसलेला, त्याला पाणी पायजे का हे सुरेखाला विचारते.

दोघं माझीच. कुणावर गेलीत हे विचारायला नको.

२४ मे, रविवार

बॅग भरली. चटणीचं पाकीट द्यायला गेले तर म्हणाली, "नको आई, आत्ता नको. अर्ज मिटू दे." भावाच्या घरची चटणी. मी पाकीट फोडलं, स्टीलच्या डब्यात ओतलं, पाकीट चुलीत घातलं. माझं तोंड जळताना बघितलं. म्हटलं, आता ही माझी चटणी, घे. मग घेतली.

रिक्षा यायची होती. वि. आला. कोरा कागद टेबलावर, पेन त्याच्यावर. इतक्या दिवसांनी तिच्याकडं बघून बोलला.
"आक्का, नुसतं सांग काय लिहू. आणि आई, तू ये की दादूकडं माझ्यासंगं. तुझं ऐकतोय तो."

मं.चा हात पेनाकडं गेला. एक शब्द बोलली असती तर सगळं तिच्या गळ्यात. बोलायला निघाली होती, मला दिसलं. म्हणून तिच्या आधी मीच बोलले. इथं लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी फिरवायला नको.

मंगल एक अक्षर सांगणार न्हाय. ती गाडीत बसणार. मी दादूकडं येणार न्हाय, माझं एकदा जाऊन झालंय. सुरेखानं मधी पडायचं न्हाय. चहा कट्ट्यावर विलासनं घ्यायचा, मान सरळ ठेवून. दादूनं सही दिली तर दिली, न्हाय तर न्हाय. आणि दिल्लीला उत्तर विलासनंच द्यायचं, त्याच्या हातानं, काढणाऱ्याच्या रकान्यात ज्याचं त्याचं नाव घालून.