बदामाच्या वासाचा मध

बोरी. मंगळवार, ता. ११ फेब्रुवारी १९४१, सकाळी पावणेनऊ. (निजामाच्या दप्तरातली फसली तारीख तूच लावून घे.) ही पत्राची वेळ नव्हे, तू माझ्या घरून बरणी उचललीस ती वेळ.

चि. अण्णारावास महादेवीआक्काचे आशीर्वाद. गुडघा कसा आहे? माझी तब्येत उत्तम, कारण तू नेलेला मध मी चाखलेला नाही.

माझ्या मधमाशांच्या श्वासनळीत गोचिडीच्या जातीची, डोळ्यांना न दिसणारी कीड शिरली. बिचाऱ्या उडायचं सोडून अंगणात रांगू लागल्या. (मीही हल्ली तशीच चालते, पण मला कोणी औषध घातलं नाही, हे नशीब.) तुझा लिंगराज हैदराबादेहून बाटली घेऊन आला: पेट्रोल आणि त्यात कसलंसं विषारी तेल. वर इंग्रजीत स्वच्छ छापलेलं होतं की पेटीत मध नसतानाच, फडक्यावर थोडे थेंब टाकावेत. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. कॉन्व्हेंटच्या नन्सनी एवढं तरी शिकवलंय. तो म्हणाला, "आत्या, गोऱ्यांच्या माशा नाजूक असत्यात. आपल्या माशांना जरा जास्तच लागतंय." आणि करडई ऐन फुलात, पेट्या मधानं भरलेल्या असताना त्यानं देवापुढं ऊद जाळावा तशा सढळ हातानं बाटली रिकामी केली.

माशी आपलं-परकं वासावरून ओळखते. औषध पडलेल्या पेट्यांना एकच वास आला, तेव्हा राखणीच्या माशांनी दुसऱ्या पेटीतल्या चोरांना पाहुणे समजून आत घेतलं. (आपल्या घराण्याचाच गुण.) लुटालूट, मारामारी झाली, आता मी मेलेल्या माशा सुपानं उचलते. लिंगराजानं मात्र मधाची उरलेली पोळी पिळून बरणी भरली. ती मी पुरायला बाजूला ठेवली होती.

पहिला मध तुझ्या वालूरच्या महादेवाचा, हा आपला रिवाज मला ठाऊक आहे. पण मी न्हाणीत असताना माझ्या कामाची बायनाबाई तुला म्हणाली होती, "आक्कांनी हात लावू नका म्हणलंय." तू बरणी हुंगलीस आणि तिला म्हणालास, "बदामाचा वास यायलाय. देवाला लय आवडंल. तुझी आक्का देवाचंबी राखून ठेवायलीय." अण्णाराव, तो वास बदामाचा नाही, त्या तेलाचा आहे. शिवरात्रीला त्याचा अभिषेक होईल आणि तीर्थ गावाच्या ओंजळीत पडेल. महादेवाला विष पचतं, त्याला सवय आहे. वालूरच्या लेकरांना नाही.

मध पुरल्याचं तुझ्या सहीनिशी लेखी उत्तर शिवरात्रीच्या आदल्या दिवशी दिवेलागणीच्या आत पाहिजे. न आल्यास मी छकड्यातून येईन आणि देवळाच्या दारात पहिलं तीर्थ तुलाच पाजीन.

महादेवी

ता. क. अभिषेकाला गूळ चालतो. देवानं आजवर तक्रार केलेली नाही.

ता. क. दुसरा. उत्तर लिंगराजाच्या हाती मुळीच पाठवू नकोस. बाटली संपली म्हणून एक पेटी त्याच्या औषधातून सुटली आहे. तिच्यातल्या माशा अजून आजारी आहेत, रांगतात. पण जिवंत आहेत.