हेगस्टाडचा उंचवटा

१२ ऑक्टोबर १९५७

हेगस्टाडचा प्रबंध छापून आला! पुस्तकाच्या दुकानात काचेमागे मांडून ठेवलाय. विकत घेतला. चोरीचा माल मालकिणीनेच विकत घ्यायचा, वा!

कोष्टक चौदा – माझं. वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून वितळवलेले क्षार भट्टीपाशी उभं राहून थंड करत एकेक अंश मी टिपलाय, वीस वर्षांपूर्वी. हा हेगस्टाड मला म्हणाला होता, "आन्सनेस, तुझी वही दोन दिवस देतेस का गं?" दोन दिवस! वही परत आली तोवर त्याच आकड्यांवर याने शिष्यवृत्ती मिळवलेली. होती एकच. मला मिळाली मुलींची शाळा, खडू, आणि "बाई, हे परीक्षेला आहे का?"

आता पदवी मिळाली की प्राध्यापकाची खुर्चीही याचीच. बघतेच.

१३ ऑक्टोबर

धाकटी बहीण ओलाउग म्हणते, "झालं गेलं विसर की ताई." कोण सांगतंय! मोल्टे बेरी वेचायची हिची रानातली गुप्त जागा चुलतभावाने दुसऱ्यांना सांगितली, तर अकरा वर्षं त्याच्याशी अबोला धरलाय.

१९ ऑक्टोबर

सापडलं! सापडलं!

त्या काळी ट्राम टेकडीचा चढ चढायला लागली की तिच्या विजेने आमच्या यंत्राची सुई अडखळायची. तसं झालं की मी त्या आकड्याखाली बारीक टिंब द्यायची – ट्राम गेली, वापरू नये. वहीत अशी सात टिंबं आहेत. या शहाण्याने सातही आकडे उचलले, टिंबाचा अर्थ न विचारता! त्यामुळे त्याच्या आलेखाला उंचवटा आलाय. अन् त्या उंचवट्यावर या बाबाने अख्खा सिद्धांत बांधलाय – म्हणे तिथे एक नवंच संयुग तयार होतं.

संयुग कसलं, ट्राम आहे ती, गाढवा!

हसून हसून खोकला आला. ओलाउग पाणी घेऊन धावली.

२ नोव्हेंबर

त्याच्या प्रबंधाच्या जाहीर परीक्षेत करायचं भाषण आरशासमोर केलं. आवाज चिरकतो. पुन्हा.

२४ नोव्हेंबर

काल ती परीक्षा झाली. नीट लिहून ठेवते, एकही शब्द सांडायचा नाही.

मध्यंतरात डीनकडे नाव दिलं की श्रोत्यांतल्या कुणालाही उठून उमेदवाराला झोडपता येतं. हा नियम ज्याने केला त्याचं भलं होवो! डीन चष्म्यावरून म्हणाले, "तुम्ही... शाळेत शिकवता ना?" म्हटलं, "हो. चुका तपासते."

उठले. वही उघडून दाखवली. टिंबं, तारखा, ट्रामचं वेळापत्रकसुद्धा! "उमेदवाराने हे आकडे स्वतः मोजले असतील, तर त्यांनी सांगावं – प्रयोगशाळेच्या खिडकीतून तेव्हा काय दिसायचं?"  मग मागच्या बाकांवरून कुणीतरी पोरांसारखी ट्रामची घंटा वाजवली – टिंग टिंग! सगळं सभागृह फुटलं. हेगस्टाडचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. "मी... मला वाटलं..." एवढंच बोलला. वीस वर्षं मी हाच चेहरा बघायला जगले!

विरोध करणाऱ्याला उमेदवाराने रात्रीच्या जेवणाला बोलावावंच लागतं, ही आमची रीत. मी गेले. का नाही जाणार? जागा मुद्दाम त्याच्या बायकोशेजारी दिलेली. रेनडिअरचं मांस, वर बटाटे. ती माझ्या ताटात वाढत म्हणाली, "घ्या, पोटभर जेवा. आमचं तर तुम्ही सगळं खाल्लंतच." बोचलं. तरी दोनदा मागून घेतलं.

७ डिसेंबर

पदवी नाकारली. खुर्ची कुणा डॅनिश माणसाला. ओलाउगने केक केला, पण स्वतःचा तुकडा तसाच ठेवला.

मला मात्र गोड लागला.

१५ डिसेंबर

पेडर रस्त्यात भेटला. प्रयोगशाळेतला काचकामवाला, आता म्हातारा झालाय; त्या दिवशी सभागृहातही होता. मला वाटलं, शाबासकी देईल. तर म्हणतो, "बाई, एक विचारू? ट्राम दर बारा मिनिटांनी जायची. मग तुमची सातही टिंबं त्या एकाच मिश्रणापाशी कशी?"

"योगायोग," म्हटलं.

"असेल," म्हणाला आणि टोपी काढून गेला.

१६ डिसेंबर

वही काढली. खरंच, सातही तिथेच. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी.

झोप नाही. मेल्या पेडर!

२१ डिसेंबर

पेडरकडे अजून किल्ली आहे. नाताळच्या सकाळी ट्राम बंद असते, प्रयोगशाळेत चिटपाखरू नसतं. म्हणाला, "या तुम्ही, भट्टी मी पेटवून ठेवतो."

काही निघायचं नाही. मनाची खात्री, बास.

२५ डिसेंबर

तेच मिश्रण तीनदा वितळवलं, तीनदा थंड केलं. रुळांवर नुसता बर्फ. तिन्ही वेळा सुई तिथेच अडखळली. संयुग आहे. जगात पहिल्यांदा ते मला दिसलं, सत्ताविसाव्या वर्षी, अन् मीच ते बाद केलं. आता माझ्या नावाने जाहीर करायचं, तर आधी म्हणावं लागेल – हेगस्टाड बरोबर होता.

पेडर कॉफी घेऊन आत आला. "आलं का काही, बाई?"

"नाही," म्हणाले.