शिडीवरचा चहा

ता. नरखेड, जि. नागपूर
१२ नोव्हेंबर १९८१

प्रिय देवकी,

तुझं पत्र काल संत्र्याच्या ट्रकवाल्यानं आणून दिलं. बाबांच्या पायाला वजन बांधून ठेवलंय, ऑपरेशनचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करतात आणि "मले घरी ने, माझ्या बगिच्यात पडू दे" एवढंच म्हणतात, असं तू लिहिलंस. डॉक्टर सोमवारपर्यंत वाट बघतील, तेही वाचलं. तुझ्या काकांनी पत्र ऐकलं, उठले आणि ओलीत बघायला निघून गेले. थोरल्या भावाच्या शब्दावर शब्द टाकणं त्यांना या जन्मी जमायचं नाही. तेव्हा लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी चौथी शिकलेली. बोलते ते आपलं गावचं, पण लिहायला बसले की शाळेतल्या गुरुजींचं मराठी हातात येतं, त्याला हसू नकोस. आणि एक कर. लहानपणी मला पेपर वाचून दाखवायचीस, तसं हे पत्र मोठ्यानं वाच. दवाखान्यात बसूनच वाच.

माझा पाय मोडला तेव्हा तू मॅट्रिकच्या वर्षाला होतीस. तुझा अभ्यास बुडू नये म्हणून तुला फार काही सांगितलं नाही. विहिरीजवळच्या टाक्यापाशी शेवाळावरून घसरले आणि कुशीवर आपटले. पडल्यावर उठायला गेले तर डावा पाय आखूड झालेला आणि पंजा बाहेर वळलेला. माझाच पाय, पण मला ओळखू येईना. गावचे हाड बसवणारे ताराचंदबुवा आले, नुसता पाय बघितला आणि हात न लावता म्हणाले, "हे माझं काम नाही. नागपूरले न्या, आजच्या आज न्या." बाकी सगळ्या गावाचं मत उलटं होतं. खुब्याचं हाड मोडलेली बाई परत चालत नाही, तिला घरी ठेवावं, माणसांत राहू द्यावं. तुझे काका म्हणाले, "भाऊले विचारतो." भाऊ म्हणजे तुझे बाबा, ते बगिच्यात होते. मंडीसाठी ट्रक भरून उभा होता, त्यांनी मागच्या पेट्या उतरवल्या, तिथं तणीस पसरलं आणि मला त्यावर निजवलं. संत्र्यांच्या मधोमध निजून मी नागपूरला गेले. आजही पेटीतल्या तणसाचा वास आला की माझा खुबा ठणकतो.

मेडिकलमध्ये डॉक्टर काळबांडे तेव्हा नवे होते. त्यांनी हाडाचा फोटो उजेडापुढे धरून तुझ्या बाबांना आणि काकांना समजावलं. मांडीच्या हाडाला वर गोळा असतो आणि गोळ्याखाली मान असते. ती मान मोडली आहे, त्यामुळे गोळ्याला रक्त पोचत नाही, तो आतल्या आत वाळणार. काकांच्या काही ध्यानात आलं नाही. बाबा म्हणाले, "म्हंजे फांदी पिचली का पुढचं फळ वाळते, तसं." डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच, म्हणून तो गोळा काढून पोलादाचा बसवायचा. बाबांनी फोटोतल्या मांडीच्या हाडावर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "खुंट तिचाच राहीन ना?" राहील, म्हणाले डॉक्टर. "मंग भरा डोळा. आम्ही जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा चढवतो, तुम्ही हाडावर पोलाद चढवा. फक्त डोळा भरल्यावर झाड हालवू नाही देत आम्ही, ते तुम्ही पाहा." डॉक्टर हसले, पण नंतर त्यांनी हेच वाक्य दुसऱ्या पेशंटांना सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलं.

रक्त द्यायची वेळ आली तेव्हा बाबा पहिले पुढे झाले. वय चोरून सांगितलं. तिथल्या माणसानं त्यांच्या पांढऱ्या मिशीकडे बघितलं आणि म्हणाला, बाबाजी, हे तुमचं तुमच्याकडेच ठेवा. त्याचा राग काकांवर निघाला. "मले म्हातारा म्हणते तो. अन् तू तरणाबांड, तू काहून खांबासारखा उभा आहे गा? जाय!" काकांनी रक्त दिलं आणि घेरी येऊन त्याच खांबाला धरून बसले.

ऑपरेशन नीट झालं. कंबरेत सुई दिली होती, खालचं काही कळत नव्हतं, फक्त सुताराच्या दुकानातल्यासारखा ठोकल्याचा आवाज येत होता. मला भीती वाटायला हवी होती, पण मनात येत होतं की हा माणूस किती मन लावून ठोकतोय. नंतर पायाच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, गुडघ्यांमध्ये उशी. आणि डॉक्टरांनी बजावलं, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर तर बसायचंच नाही, आणि खाली वाकायचं नाही. आता तूच सांग, जमिनीवर बसायचं नाही तर आपल्यात बाईनं दिवसभर करायचं तरी काय?

शेजारच्या खाटेवर प्रयागबाई होती, नागपूरच्याच इंदोऱ्याची. गिरणीत कामाला, तिच्या खुब्यात खिळा घातलेला. उशाशी बाबासाहेबांचा फोटो आणि तोंडात सदा काहीतरी टोमणा. डॉक्टर वाकू नका म्हणाले तशी ती म्हणाली, "मले नका सांगू डॉक्टरसाहेब, आम्ही छप्पन सालीच वाकणं सोडलं. या पाटलीणबाईले सांगा." सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. तिचं बोलणं किती खरं होतं ते चार दिवसांनी कळलं.

या घरात सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, खाटेवर बसायचं नाही. त्यांच्याशी बोलायचं नाही. त्यांच्या सावलीवर पाय पडू द्यायचा नाही. तुझी आई होती तोवर माझं बोलणं तिच्यामार्फत त्यांना जायचं. ती गेल्यावर तू बोलायला लागली होतीसच. मी चुलीशी, ते ओसरीवर, आणि मध्ये तू. "देवकी, बाबाले म्हण, भाकर झाली." "देवकी, काकूले म्हण, येतो." तुला वाटायचं हा खेळ आहे.

तर त्या दिवशी दुपारी बाबा वॉर्डाच्या दारात आले. हातात संत्र्यांची पिशवी. मी खाटेवर, आणि ते दारात उभे! डोक्यानं काही विचारच केला नाही. पदर ओढला आणि सरळ खाटेवरून खाली उतरायला लागले. जमिनीवर बसायला. निम्म्यात आतून काहीतरी खटकन सुटलं, आणि मी अशी ओरडले की परिचारिका धावत आली. पोलादाचा गोळा खुब्याच्या वाटीतून निसटला होता. परत भूल देऊन डॉक्टरांनी तो जागेवर बसवला. शुद्धीवर आले तर डॉक्टर माझ्यासमोर लालबुंद होऊन उभे. एवढं सांगितलं होतं, खाली का उतरलात? माझ्याआधी प्रयागबाईनं सांगितलं, "तिचा भासरा आला होता ना दारात. पोलाद पायात घातलं तुम्ही, डोक्यातली लाज कोण काढन?" आणि मला म्हणाली, "अवं, त्यानं तुले जगवाले ट्रक रिकामा केला, अन् तू त्याले पाहून मरून राहिली! काहून वं?"

बाबा व्हरांड्यात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

त्यानंतर ते वॉर्डात एकदाही आले नाहीत. रोज यायचे, पण खिडकीबाहेर, माझ्याकडे पाठ करून ओट्यावर बसायचे आणि दोनदा खाकरायचे. मला कळायचं, आले. प्रयागबाई म्हणायची, "खाकरलं वं तुझं घड्याळ." त्या खाकरण्यावर मी पलंगाला धरून उभी राहायला शिकले, मग वॉकर, मग कुबड्या. पाठमोऱ्या माणसाला दिसत तर काही नव्हतं. पण ज्या दिवशी मी एकटीनं व्हरांड्याच्या दारापर्यंत गेले, त्या दिवशी कुबडीचा आवाज ऐकून त्यांची मान जरा वर झाली. डॉक्टरांनी शाबासकी दिली त्याहून मला त्याचं जास्त वाटलं.

घरी आले तेव्हा ओसरीवर सुताराकडून करून घेतलेली उंच खुर्ची तयार होती. पुढचं तू पाहिलंयस, पण तेव्हा तू हसण्यात होतीस. संध्याकाळी बाबा बगिच्यातून आले. मी खुर्चीतून उभी राहिले. खाली बसायचं नाही, आणि त्यांच्यासमोर वर बसायचं नाही, म्हणून उभीच. मी उभी म्हणून तेही उभे. चहा निवला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी संत्री तोडायची शिडी आणून ओसरीच्या खांबाला लावली, धोतर सावरलं, वर चढून एका पायरीवर बसले आणि तुला म्हणाले, "देवकी, काकूले म्हण, आता मी वर आहो. बस म्हणा." तू कपबशी वर दिलीस. मी बसले. पदराआड हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गावानं काय कमी चेष्टा केली? "धोंडबा पाटील चहा पेयाले झाडावर चढते." त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. कोणी अगदीच विचारलं तर म्हणायचे, "वरून बगिचा चांगला दिसते." मी जग फार काही पाहिलेलं नाही, देवकी. पण घरातल्या बाईचा मान राहावा आणि हाडही राहावं म्हणून म्हातारपणी रोज शिडी चढणारा दुसरा माणूस मी ऐकलेला नाही. शास्त्र त्यांनी मोडलं नाही, मला तर मोडू दिलंच नाही.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. बगिच्यात पाय घसरला, असं त्यांनी तुला सांगितलं. डॉक्टरांनाही तेच. ते खरं नाही. ते शिडीवरून पडले. चहा झाला, रिकामी कपबशी एका हातात, उतरताना पायरी चुकली. मी तिथंच खुर्चीत होते. मी त्यांच्याजवळ पोचायच्या आत त्यांनी काकांना सांगितलं, "बगिच्यात पडलो म्हणजो." कपबशी फुटली नव्हती, हातात तशीच धरलेली होती. हे खोटं कोणासाठी, ते मला कळतं.

तू लिहिलंस की बाबांचं हाड माझ्यासारखं मानेत नाही, त्याच्या खाली मोडलंय, आणि डॉक्टर खिळा आणि पट्टी घालून जोडणार आहेत. प्रयागबाईलाही तिथंच खिळा होता. तिथं रक्त भरपूर असतं, हाड जुळतं, म्हणून गोळा बदलावा लागत नाही. वजन लावून महिनोन् महिने पडून राहिलं तरी हाड जुळेल, पण तोवर पाठ सडते, छाती भरते, हाड जुळतं आणि माणूस राहत नाही, हे डॉक्टर काळबांडे तेव्हाही सांगायचे. घरी नेलं तर सेवा कोण करणार, तेही बोलून टाकते. तू नागपूरला, काका ओलितावर. मीच करणार. अंग पुसणं, भांडं देणं, कूस बदलणं. मी करीन, मागं हटणार नाही. पण ज्या माणसानं मला परत कधी जमिनीवर बसू दिलं नाही, त्याला ते सोसेल का, एवढं विचारायला हवं.

आता तुला मोठ्यानं वाचायला का सांगितलं ते कळलं असेल. इतकी वर्षं मी तुझ्यामार्फतच बोलत आले, आजही तेच करतेय, फक्त आज मधल्या माणसानं जरा बाजूला व्हावं. तुझ्या बाबांना हाक काय मारायची हे मला कोणी शिकवलं नाही, कारण हाक मारायचीच नव्हती. तर मी माझ्या मनानं मारते. दादा, सुतार काल येऊन गेला. माझ्या खुर्चीसारखीच दुसरी खुर्ची त्यानं केली आहे. दोन्ही एकाच उंचीच्या, मी सुतळी लावून मापल्या. शिडी मी बगिच्यात परत पाठवली, ती तोडणीलाच बरी. सोमवारी डॉक्टरांना हो म्हणा. मी रविवारच्या एसटीनं येते आहे, खिडकीबाहेर ओट्यावर बसेन आणि दोनदा खाकरेन. पण तुमच्याकडे पाठ करून बसणार नाही.

तुझीच,
अंजनाकाकू