आपल्यासारखीच वाळू

तीर्थरूप आप्पा,

पाया पडतो. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. मी बरा आहे. डिंडोलीची खोली हवेशीर आहे, जेवण वेळेवर होतं.

पांडेसऱ्याच्या कापड मिलमध्ये मला बॉयलरवर घेतलंय. ऐकाल तर हसाल, इथंही आपल्यासारखी वाळूच तापवतात. खालून हवा सोडली की ती दुधासारखी उकळते. भुसा, लाकडाचा चुरा, कपाशीच्या पऱ्हाट्यांचे तुकडे, काहीही टाका, धूर न होता जळून जातं.

माय सांगत होती, जळणाला पऱ्हाट्या मिळत नाहीत म्हणून तुम्ही फुटाण्यांची भट्टी बंद केली. व्यापारी शेतातूनच उचलून नेतात म्हणे. आप्पा, त्या इथंच येतात. परवाचा ट्रक आपल्या चोपड्याचा होता. मीच रिकामा केला, माल मीच जाळला.

भट्टीची कढई विकू नका, असं लिहिणार होतो. पण ठेवून तरी काय करणार?

खोकला कमी आहे का?

काल राहवलं नाही. भुशाबरोबर मूठभर हरभरे आत सोडले आणि झरोक्याच्या काचेला डोळा लावून उभा राहिलो. एकही दाणा फुटला नाही, आप्पा. राखसुद्धा दिसली नाही.

तुमचा,
हेमराज