पाकीट घरी ठेवून

पप्पा, तुमच्या कबरीच्या दगडाचे पैसे गेले. आधी हेच सांगतो, म्हणजे पुढं तुम्हाला उगाच आशा नको. यंदाच्या नाताळालाही तुमच्यावर तो लाकडी क्रूसच राहणार, चुना फासलेला, एका अंगाला कललेला. मम्मीनं भिशीतून साठवलेले पैसे माझ्या क्रेडिट कार्डात गेले. हे कार्ड तुमच्या वेळी आपल्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. तुम्हाला कळेल असं सांगायचं तर उचल. ऊसतोडीला निघण्याआधी मुकादम आज्याला द्यायचा ना, तीच. फरक एवढाच, की मुकादम दारात येऊन आयमाय काढायचा आणि बँकेची बाई फोनवर 'सर' म्हणते.

उचल हा शब्द तुम्हाला घरात चालत नव्हता. आज्याची उचल फडावर पोचायच्या आत संपलेली असायची, आणि तुमचे लहानपणीचे सगळे नाताळ पाचटाच्या कोपीत गेले, असं मम्मी सांगते. तुम्ही स्वतः कधी सांगितलं नाही. फक्त एसटी डेपोत सणाआधी आगाऊ पगार मिळायचा, तेव्हा तुम्ही सही करायचा नाहीत. एकदा मी डबा घेऊन आलो होतो. तुमच्या जोडीचे मेकॅनिक म्हणत होते, "घे की लेका, सगळीच घेत्यात." तुम्ही बसखालूनच उत्तर दिलंत, "जानेवारीचं जेवान आत्ताच खाल्लं, तर जानेवारीत काय खायाचं? पाना?" सगळे हसले. मी नाही हसलो. बाकीच्यांच्या पोरांना जीन्स येणार होत्या आणि मला शाळेच्या गणवेशाची पँट, हे मला तिथंच कळलं होतं.

आणि आपल्या चर्चचा हंगामाचा सण. दिवाळी उलटली की एका रविवारी घरोघरचं काहीबाही वेदीपुढं येतं, भोपळे, अंडी, गुळाची ढेप, कोणाच्या हातचा केक, आणि उपासना संपली की आवारात त्याचा लिलाव. पैसा देवाच्या कामाला जातो, म्हणून दहाची वस्तू शंभराला गेली तरी कोणी महाग म्हणत नाही, उलट टाळ्या पडतात. तुम्ही निघताना पाकीट मम्मीच्या हातात द्यायचात. शर्टाच्या खिशात एकच नोट. म्हणायचात, "बोली खिशाकडं बघून लावायची, लोकांकडं बघून न्हाई." मग दाराजवळच्या भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभे, आणि जे कोणी घेत नाही ते तुम्ही घ्यायचात. दरवर्षी शेपू. लोक केक खात घरी जायचे आणि आपण शेपूच्या जुड्या घेऊन.

मी चौथीत होतो. लाल तुऱ्याचा कोंबडा लिलावात आला आणि मी हात वर केला. लिलाव करणारे मामा खुश झाले. "अरं वा! छोट्या साहेबांची बोली! एक बार..." तेवढ्यात तुम्ही भिंत सोडून पुढं आलात. "मामा, ह्याची बोली धरू नगा. ह्याच्या खिशात काय बी न्हाई." सगळं आवार हसलं. पुढच्या चटईवर पेटी वाजवणाऱ्या गुरुजींची मुलगी बसली होती, दोन वेण्यांची. ती पण हसली. तुम्ही मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी कधीच विसरून गेलो असतो.

दोन वर्षांत तुम्ही गेलात. मी मोठा झालो, म्हणजे अंगानं. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. सर भर वर्गात काहीतरी बोलले, मी वही भिरकावली आणि निघून आलो, परत गेलो नाही. आता राहुरीत मोबाईलच्या दुकानात असतो. दिवाळीत कार्डवाला पोरगा आमच्याच काउंटरवर बसायचा, त्यानं माझंही कार्ड काढून दिलं. मी गिऱ्हाइकांना बिनदिक्कत सांगायचो, "घ्या हो काका, बिल आल्यावर मिनिमम भरायचं, काही होत नाही." स्वतःलाही तेच सांगितलं. बूट घेतले, फोन घेतला, गुरुजींच्या मुलीसाठी घड्याळ घेतलं. तिनं डबीसुद्धा उघडली नाही. म्हणाली, "ठेव तुझ्याकडंच. माझं जमलंय."

मग यंदाचा लिलाव. तिचा होणारा नवरा पुण्याहून आलेला, पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. तिनं केलेला केक मामांनी उचलून धरला. तो हसत म्हणाला, "पाचशे." मी म्हणालो, "हजार." तो दोन, मी तीन. मामा आता थकलेत, पण जीभ तीच. "लेका, केक हाय ह्यो, साखर कारखाना न्हाई!" पब्लिक हसलं. तो पाच म्हणाला आणि मी एकदम दहा हजार. त्यानं हात जोडले. "तुमचाच, भाऊ." त्या 'भाऊ'नं डोकं जास्त भणाणलं. मामांनी स्वतःच्या दुकानातलं कार्ड मशीन आणलं होतं. कार्ड टेकवलं, टुंग वाजलं, टाळ्या पडल्या. एवढं सोपं असतं पप्पा. नोट मोजताना हात तरी थांबतो.

केक उचलायला गेलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "कुठून आणलेस एवढे?"

"कार्ड आहे."

"कार्ड म्हणजे पैसे नसतात रे." मग तिनं डब्याच्या टोपणावरच्या चिठ्ठीकडं बोट केलं. "बिनअंड्याचा आहे हां. त्यांना अंडं सोसत नाही."

म्हणजे केकही त्याच्याच मापाचा होता.

बिल आलं तेव्हा कळलं. दिवाळीचं मी मिनिममच भरलं होतं. जुनं बाकी असलं की नव्या खरेदीला बिनव्याजाचे दिवस मिळतच नाहीत, कार्ड टेकवल्या दिवसापासून व्याज धावतं. हे मी दुकानात कोणाला सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. बँकेचा फोन मम्मीनं उचलला. फोन ठेवून तिनं ट्रंकेतून रुमालाची गाठ काढून माझ्यापुढं ठेवली. "घे. सगळं मिटव. अर्धवट भरू नको."

"तो पप्पांचा दगड हाय," मी ओरडलो.

"त्यांना दगडाची घाई न्हाई. व्याजाला हाय."

मी ताट लाथाडलं, दार आपटून बाहेर गेलो, आणि तासाभरानं येऊन पैसे घेतले. असाच आहे मी. कार्ड आता मम्मीच्या ट्रंकेत आहे, तुमच्या पाकिटाशेजारी. तिनं ते पाकीट टाकलेलं नाही. रिकामंच आहे. मरताना तुम्ही कोणाचं देणं ठेवलं नाहीत म्हणून लोक अजून तुमचं नाव काढतात, आणि मला ते ऐकून चीडच येते. तुम्ही मला जीन्स एकदा तरी घ्यायची होती. नाही परवडली तरी.

चोवीसला संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन आम्ही येऊ. मी क्रूस सरळ करीन, चुना मारीन. हा कागद आणणार नाही. मम्मी जवळ असेल, आणि तिच्यासमोर मला हे वाचता येणार नाही. इथंच लिहितो. दहा हजार म्हटल्यावर मामांनी "एक बार" म्हटलं, "दोन बार" म्हटलं. त्यांच्याकडं, तिच्याकडं, पुण्यावाल्याकडं, कोणाकडंच माझं लक्ष नव्हतं. मी वळून दाराजवळच्या तुमच्या भिंतीकडं बघत होतो.