खंडूमास्तरांची दाद

मीरा रोड, १६ मार्च २००४

ती. वैजयंताआत्यास सप्रेम जय भीम.

तू नाटक कंपनीत गायचीस, तेव्हाची ती एकुलती एक कॅसेट सीडीवर छान उतरली, असं मी फोनवर म्हणालो. ते अर्धंच खरं आहे. आज चार वाजता तू ती सीडी न्यायला आमच्या दुकानात येशील.

प्रेक्षकांचे खोकले, खुर्च्यांची करकर, सगळं मी कॉम्प्युटरवर एकेक करून कापलं. तीन दिवस लागले. मध्येमध्ये एक माणूस "वा, वैजू!" म्हणायचा. तोही कापला. कॅसेटची फीत जुनी होती, एकदा वाजून तुटली. न कापलेली मूळ फाइल दुकानाच्या नियमाप्रमाणे पुसून टाकली.

आणि काल तू विचारलंस, "पायपेटीवर खंडूमास्तर होते. मला दाद देतानाचा त्यांचा आवाज येतो ना रे? माझं गाणं मला पाठ आहे, घसा गेला म्हणून काय झालं! मास्तरांचं मात्र तेवढंच उरलंय."

मी "हो" म्हणालो.

सकाळपासून सीडी सात वेळा ऐकली. शेवटच्या पदात तुझ्या वरच्या सुराखाली एक पुसट "वा" सापडलं. ते कापलं असतं तर तुझा सूर तुटला असता, म्हणून तेवढं वाचलं.

हे पत्र तुला देण्याची हिंमत नाही, ते खिशातच राहील. तू आलीस की आधी तेवढं "वा" ऐकवीन. मग तू म्हणशील, "आता मास्तरांचं बाकीचं लाव." त्याचीच भीती वाटतेय.

तुझा भाचा,
प्रितम